पदरमोड कोणी करायची?

निकालपत्राच्या शेवटी खर्चाची एक ओळ असते. 'दावा खर्चासह मंजूर', 'ज्याचा खर्च त्याने सोसावा', 'खर्चाबाबत हुकूम नाही'. महाराष्ट्रातल्या कोर्टांत वावरलेल्या माणसाला या ओळी पाठ असतात, पण त्यांनी कोणाची झोप उडत नाही. आपल्याकडे कोर्ट जो खर्च मंजूर करते तो पक्षकाराने खरोखर केलेल्या खर्चाच्या मानाने बहुधा नाममात्र असतो. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ साली, सेलम अ‍ॅडव्होकेट बार असोसिएशनच्या प्रकरणात, या नाममात्रपणावर नापसंती दाखवली आणि खर्च वास्तवाला धरून द्यावा असे सांगितले. ऑस्ट्रेलियात ही शेवटची ओळ माणसाचे घर विकायला लावू शकते. हरणाऱ्याने जिंकणाऱ्याच्या वकिलाचे बिल भरायचे, सगळे नाही तरी त्याचा मोठा हिस्सा, हा तिथला सर्वसाधारण नियम आहे. दावा ज्या रकमेसाठी लागला तिच्यापेक्षा खर्चाचा आकडा मोठा झाला, असेही घडते. म्हणून मूळ भांडण मिटल्यावरही त्या एका ओळीवर अपिले होतात, आणि क्वचित ती थेट कॅनबेराच्या हाय कोर्टापर्यंत जातात.

इथे एक खुलासा करायला हवा, नाहीतर पुढे घोटाळा होईल. ऑस्ट्रेलियात हाय कोर्ट हे देशातले सर्वोच्च न्यायालय असते आणि सुप्रीम कोर्ट हे एकेका राज्याचे. बहुतेक ठिकाणी सुप्रीम कोर्टातच अपील कोर्ट नावाचा वेगळा विभाग असतो. पुढील पानांत ही नावे याच अर्थाने येतील.

या पुस्तकात दोन विषय एकत्र बांधले आहेत: दाव्याच्या खर्चावरची अपिले आणि विश्वस्तांच्या मेहनतान्यावरची अपिले. कायद्याच्या पाठ्यपुस्तकांत ते सहसा वेगवेगळ्या प्रकरणांत सापडतात. पहिला दिवाणी प्रक्रियेत, दुसरा न्यास आणि मृत्युपत्रांच्या कायद्यात. मला ते एकाच प्रश्नाची दोन रूपे वाटतात. दोन्हीकडे खर्च करण्याचा निर्णय एकजण घेतो आणि पैसा दुसऱ्याच्या खिशातून जातो. जिंकणारा पक्षकार आपल्या आवडीचा बॅरिस्टर नेमतो, बिल हरणाऱ्याच्या माथी येते. विश्वस्त स्वतःच्या तासांचा हिशेब स्वतः लिहितो, पैसे लाभार्थींच्या वाट्यातून कापले जातात. ज्याच्या खिशाला झळ नाही त्याचा हात सैल सुटतो, हे मान्य करूनच कायद्याला पुढे जावे लागते. मग तो हात किती सैल चालेल हे कोण ठरवणार, आणि ज्याने ठरवले त्याचे चुकले तर दाद कोणाकडे मागायची? पुढची सारी प्रकरणे या प्रश्नाभोवती फिरतात.

आधी खर्चाचे पाहू. खर्च हा दंड नाही, ही गोष्ट ऑस्ट्रेलियन हाय कोर्टाने १९९० साली लाटूडिस विरुद्ध केसी या प्रकरणात ठामपणे सांगितली. व्हिक्टोरिया राज्यात एका माणसावरचे फौजदारी आरोप मॅजिस्ट्रेटने फेटाळले, पण त्याला बचावाचा खर्च दिला नाही. पोलिसांनी खटला भरण्यात काही गैर केले नव्हते, मग त्यांनी भुर्दंड का सोसावा, असा विचार त्यामागे होता. हाय कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी हा विचार बाजूला सारला. पोलीस वाईट वागले का, हा प्रश्नच इथे गैरलागू आहे. ज्याला कोर्टात खेचले आणि जो निर्दोष सुटला त्याची झीज भरून काढायची, एवढाच खर्चाच्या हुकुमाचा हेतू. या निकालाने खर्चाचा विचार देणाऱ्याच्या दोषावरून घेणाऱ्याच्या नुकसानीकडे वळवला, आणि पुढे खर्चाच्या अनेक मोठ्या अपिलांत तो उद्धृत झाला.

पण अपिलाचा दरवाजा अरुंद आहे, आणि तो जाणूनबुजून अरुंद ठेवला आहे. न्यू साउथ वेल्सच्या १९७० च्या सुप्रीम कोर्ट कायद्यातील कलम १०१ नुसार, केवळ खर्चाच्या हुकुमावर अपील करायचे तर आधी अपील कोर्टाची परवानगी लागते. इतर राज्यांतही या ना त्या स्वरूपात असाच अडसर आहे. परवानगी मिळाली तरी पुढे हाउस विरुद्ध द किंग हा १९३६ चा निकाल उभा असतो. त्या प्रकरणात दिवाळखोरीच्या कायद्याखालच्या गुन्ह्यासाठी तीन महिन्यांची शिक्षा झालेल्या माणसाचे अपील होते. खर्चाशी त्याचा काही संबंध नव्हता, आणि अपील फेटाळले गेले. तरी त्यात घालून दिलेली कसोटी आज प्रत्येक न्यायविवेकाच्या हुकुमाला लागते. खालच्या न्यायाधीशाने चुकीचे तत्त्व लावले, गैरलागू गोष्टी विचारात घेतल्या, महत्त्वाची गोष्ट वगळली, वस्तुस्थिती चुकीची धरली, किंवा निष्कर्ष इतका अवाजवी आहे की कुठेतरी चूक झालीच असणार, यांपैकी काहीतरी दाखवायला हवे. 'आम्ही त्या जागी असतो तर वेगळे ठरवले असते' एवढ्यावर अपील कोर्ट हात घालत नाही.

हा कडकपणा मला योग्य वाटतो. खर्चावरच्या अपिलालाही खर्च येतो, आणि त्या खर्चावर पुन्हा हुकूम होतो. दार सताड उघडले तर भांडणाला शेवटच राहणार नाही, आणि त्या मार्गावर ज्याची थैली जड तोच टिकेल. पण या कडकपणाची एक किंमत आहे आणि ती मोजून पाहिली पाहिजे. ज्याच्यावर चुकीचा खर्च पडला त्या सामान्य माणसाला बहुतेक वेळा तो मुकाट्याने सोसावा लागतो. म्हणून खालच्या कोर्टाने खर्चाच्या हुकुमाची कारणे नीट लिहिणे हा त्या माणसाचा उरलेला एकमेव आधार ठरतो. आपल्या १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ३५ मध्येही तरतूद आहे की, निकालामागोमाग खर्च द्यायचा नसेल तर कोर्टाने तसे करण्याची कारणे लेखी द्यावीत. मूळ एकच असल्याने दोन्हीकडची शहाणीव सारखी आहे. आचरणात फरक पडतो.

अरुंद दारातून जी थोडी प्रकरणे वर गेली त्यांत माझ्या मते सर्वांत मोलाचे ऑशलॅक विरुद्ध रिचमंड रिव्हर कौन्सिल. न्यू साउथ वेल्सच्या उत्तर किनाऱ्यावर इव्हान्स हेड नावाचे गाव आहे. तिथल्या आयर्न गेट्स या जागेवर प्लॉट पाडण्याला कौन्सिलने परवानगी दिली. त्या परिसरात कोआलांचा अधिवास होता. राज्याच्या पर्यावरण कायद्यानुसार कोणीही नागरिक अशा परवानगीला आव्हान देऊ शकतो. स्वतःचे नुकसान दाखवावे लागत नाही. तसे आव्हान दिले गेले आणि ते हरले. कौन्सिलने खर्च मागितला. न्यायमूर्ती स्टाइन यांनी तो दिला नाही. दावा करणाऱ्याला त्यातून स्वतःसाठी काही मिळवायचे नव्हते, अनेकांना या प्रश्नात आस्था होती, आणि कायद्याचा अर्थ लावण्याचे खरे काम या दाव्यातून झाले, असे त्यांचे कारण होते. अपील कोर्टाने हा हुकूम फिरवला. १९९८ साली हाय कोर्टाने तीन विरुद्ध दोन मतांनी तो पुन्हा कायम केला.

विरोधातले मत हलके नव्हते. न्यायमूर्ती मॅकह्यू यांचा आक्षेप असा की 'सार्वजनिक हित' ही चौकट इतकी सैल आहे की तिच्यात काय बसेल आणि काय नाही हे कोणालाच आधी सांगता येणार नाही, आणि जिंकलेल्या पक्षाची झीज मात्र खरीखुरी असते. कौन्सिलचा पैसा म्हणजे शेवटी तिथल्या करदात्यांचाच पैसा. हे सगळे मान्य करूनही मी बहुमताच्या बाजूने उभा आहे. विधिमंडळाने कोणालाही दावा करण्याचा हक्क दिला आणि हरल्यास सर्वस्व जाईल अशी टांगती तलवार त्यावर ठेवली, तर तो हक्क फक्त श्रीमंतांपुरता उरतो. मात्र बहुमताने काय सांगितले हे नेमके वाचले पाहिजे. सार्वजनिक हिताच्या दाव्यात खर्च द्यायचाच नाही, असे ते म्हणाले नाहीत. खर्चाचा विवेक कायद्याने व्यापक ठेवला आहे, त्यात हा विचार घेता येतो, आणि तो घेतला म्हणून न्यायाधीशाचे चुकले असे होत नाही, एवढेच. पुढे अनेकांनी या निकालाला ढाल समजून दावे लावले आणि खर्चाचा बोजा पडल्यावर त्यांना हा फरक कळला.

तो फरक २०१९ साली नॉर्दर्न टेरिटरी विरुद्ध सँगारे या प्रकरणात लख्ख दिसला. टेरिटरीच्या सरकारविरुद्धचा बदनामीचा दावा हरला, अपीलही हरले. अपील कोर्टाने सरकारला खर्च दिला नाही, कारण हरलेल्या माणसाकडे काहीच नव्हते आणि हुकूम करून उपयोग झाला नसता. हाय कोर्टाने हे अमान्य केले. केवळ गरिबी हे जिंकणाऱ्याचा खर्च नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. नाहीतर कफल्लक माणसाला कोणालाही कोर्टात खेचण्याची मोकळीक मिळेल. निकाल कठोर आहे, पण त्यात तर्कदोष सापडत नाही. कर्ज वसूल होईल की नाही ही गोष्ट एक, आणि ते देणे लागते की नाही ही दुसरी.

त्याच वर्षीचा बेल लॉयर्स विरुद्ध पेंटेलो हा निकाल वकील मंडळींनी आवर्जून वाचावा. एका बॅरिस्टरने तिला काम देणाऱ्या वकील फर्मवर फीसाठी दावा केला. लोकल कोर्टात हरली, सुप्रीम कोर्टात अपिलात जिंकली, खर्चही मिळाला. तिच्या बाजूने वकील उभे होते, पण काही काम तिने स्वतः केले होते, आणि त्या कामाचेही पैसे तिने खर्चात लावले. वास्तविक स्वतःचा खटला स्वतः लढणाऱ्या माणसाला त्याच्या वेळेचे पैसे मिळत नाहीत. १९९४ च्या कॅचिया विरुद्ध हेन्स या निकालाने ते पक्के केले होते. फक्त वकिलांसाठी जुना अपवाद होता, १८८४ च्या चॉर्ली नावाच्या इंग्लिश प्रकरणातून आलेला. वकिलाच्या वेळेचा भाव मोजता येतो, इतरांच्या वेळेचा येत नाही, असे त्याचे समर्थन केले जाई. खर्चाची छाननी करणाऱ्या अधिकाऱ्याने मागणी नाकारली, पुनर्विलोकन मंडळाने नाकारली, डिस्ट्रिक्ट कोर्टाने नाकारली. अपील कोर्टाने बहुमताने मान्य केली. शेवटी हाय कोर्टाने हा अपवाद ऑस्ट्रेलियाच्या कायद्यातून काढूनच टाकला. दुकानदाराने, शिक्षकाने, शेतकऱ्याने घालवलेला वेळ फुकट आणि वकिलाचा तेवढा मोलाचा, हे कायद्यापुढच्या समानतेत बसत नाही.

तरी प्रश्न पुरता मिटला नाही. फर्म स्वतः पक्षकार असेल आणि तिच्या पगारी वकिलांनी काम केले असेल, तर? बिर्केटू विरुद्ध अटानास्कोविक या प्रकरणात हाय कोर्टाने २०२५ साली बहुमताने सांगितले की पगारी वकिलांच्या कामाचा खर्च मिळू शकतो, कारण तो वेळ मालकाचा स्वतःचा नाही. ही रेघ मला थोडी नाजूक वाटते. मोठ्या फर्मला जे मिळेल ते एकट्या वकिलाला मिळणार नाही, आणि २०१९ चा निकाल तर समानतेच्या नावाने दिला होता.

आता विश्वस्तांकडे वळू. इथला मूळ नियम १७३४ सालचा, रॉबिन्सन विरुद्ध पेट या इंग्लिश निकालातला: विश्वस्ताला मेहनताना नाही. लॉर्ड चॅन्सेलर टॅलबट यांनी दोन कारणे दिली. मेहनताना सुरू झाला तर इस्टेट त्याच्या भारानेच संपेल. आणि तो ठरवायचा कसा, कारण एका माणसाचा वेळ दुसऱ्याच्या वेळेपेक्षा मोलाचा असू शकतो. दुसरे कारण लक्षात ठेवावे. जवळपास तीनशे वर्षांनंतर सिडनीच्या कोर्टात तेच भांडण पुन्हा उभे राहिले.

हा नियम आपल्याही कायद्यात आहे. १८८२ च्या भारतीय न्यास अधिनियमाच्या कलम ५० नुसार न्यासपत्रात तशी तरतूद नसेल, किंवा लाभार्थींशी वा कोर्टाशी तसा करार नसेल, तर विश्वस्ताला त्याच्या त्रासाचे, कौशल्याचे आणि गेलेल्या वेळेचे पैसे मागता येत नाहीत. गंमत अशी की या नियमाला एक ठळक अपवाद हिंदुस्थानातच झाला. कंपनी सरकारच्या काळात इथे मरण पावलेल्या इंग्रजाची मालमत्ता सांभाळायला त्याचे नातलग नसत. परक्या माणसावर विसंबावे लागे. १७९८ च्या चेथम विरुद्ध लॉर्ड ऑडली या प्रकरणात इंग्लंडच्या चान्सरी कोर्टाने हिंदुस्थानातल्या एक्झिक्युटरला, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणाऱ्याला, पाच टक्के कमिशन मान्य केले. ऑस्ट्रेलियातील वसाहतींचीही अडचण तीच होती: माणसे दूरवर विखुरलेली, फुकट राबणारे आप्त जवळ नाहीत. तिथल्या विधिमंडळांनी कायद्यातच कमिशन आणले. न्यू साउथ वेल्सच्या १८९८ च्या कायद्यात एक्झिक्युटरच्या कष्टांसाठी आणि त्रासासाठी 'न्याय्य आणि वाजवी' कमिशनची तरतूद आहे. व्हिक्टोरियाच्या १९५८ च्या कायद्यात कमाल मर्यादा आहे, पाच टक्के. चेथम प्रकरणातलाच आकडा.

मेलबर्नला किंवा सिडनीला स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना हे सगळे दूरचे वाटू नये. मित्राच्या मृत्युपत्रात आपले नाव एक्झिक्युटर म्हणून घातले गेले, की हिशेब, कर, घराची विक्री, रुसलेले वारस, सगळे अंगावर येते. हे काम वर्षानुवर्षे चालू शकते. मेहनताना मागितला तर लोभी ठरतो, न मागितला तर स्वतःची भाकरी सोडून राबतो. कायद्याने कमिशनचा मार्ग ठेवला तो याच माणसासाठी, आणि तो घेण्यात लाजण्यासारखे काही नाही. त्यासाठी हिशेब उघडे ठेवावे लागतात आणि लाभार्थींची समजून-उमजून दिलेली संमती किंवा कोर्टाचा हुकूम लागतो.

विश्वस्ताचा स्वतःचा मेहनताना आणि त्याने दाव्यांवर केलेला खर्च, या दोहोंत फरक आहे, पण पैसा एकाच तिजोरीतून येतो. या दुसऱ्या बाजूचा सर्वांत गाजलेला निकाल सिडनीच्या रॉकडेल भागातल्या सेंट पेट्का या मॅसेडोनियन ऑर्थोडॉक्स चर्चचा. चर्चची जागा स्थानिक संस्थेच्या नावावर होती. १९९७ पासून धर्मप्रांताचे बिशप आणि ही संस्था कोर्टात समोरासमोर उभे होते. संस्थेने न्यासाचा भंग केला, असा बिशपांच्या बाजूचा आरोप होता. संस्थेने राज्याच्या १९२५ च्या विश्वस्त कायद्याच्या कलम ६३ खाली कोर्टाचा सल्ला मागितला: बचावासाठी न्यासाचा पैसा वापरू का? न्यायमूर्ती पामर यांनी होकार दिला. अपील कोर्टाने तो रद्द केला. ज्याच्यावर न्यासभंगाचा आरोप आहे त्याने न्यासाच्याच पैशाने लढावे हे त्यांना पटले नाही, आणि पहिल्यांदा ऐकताना कोणालाही ते खटकते.

२००८ साली हाय कोर्टाने पामर यांचा निर्णय पुन्हा कायम केला. कलम ६३ ची भाषा व्यापक आहे, तिच्यात नसलेली बंधने कोर्टाने घालू नयेत. विश्वस्ताने सल्ला घ्यायचा तो स्वतःच्या संरक्षणासाठी आणि न्यासाच्याही. समोरचा पक्ष भांडतो आहे, एवढ्याने सल्ला देणे अयोग्य ठरत नाही. यामागची व्यवहारी जाण मला फार महत्त्वाची वाटते. संस्थेजवळ स्वतःचा पैसा नसेल आणि न्यासाचा वापरता येत नसेल, तर दावा गुणावर न लढता एकतर्फी निकाली निघेल, आणि धर्मादाय मालमत्तेची खरी मालकी काय हे कधीच तपासले जाणार नाही. पण सल्ला आंधळेपणाने द्यायचा नसतो. दाव्यात कितपत दम आहे, किती पैसा जाईल, न्यासाचे त्यात हित काय, हे पाहूनच तो दिला जातो. हे सारे दावा लढायच्या आधी ठरते, हा त्या वाटेचा मोठा गुण. पैसा उडून गेल्यावर वाद घालण्यात विश्वस्ताचेही नुकसान आणि लाभार्थींचेही.

सिडनीचे दुसरे भांडण लिक्विडेटरच्या बिलाचे. बुडालेल्या कंपनीची मालमत्ता विकून देणेकऱ्यांची देणी वाटणारा हा माणूस अर्थाने विश्वस्तच. तो तासांवर बिल लावतो. न्यायमूर्ती ब्रेरेटन यांनी २०१४ नंतर अनेक निकालांत हे तासांचे गणित नाकारले. लहान कंपनीच्या कामात तासांचे बिल सारी मालमत्ता खाऊन टाकते, त्यापेक्षा वसूल रकमेच्या टक्केवारीने मेहनताना द्यावा, असा त्यांचा कल होता. साकर नॉमिनीज या कंपनीच्या लिक्विडेटरने सुमारे ६३ हजार डॉलर मागितले. मिळाले २० हजार. अपील कोर्टाने पाच न्यायाधीशांचे खंडपीठ बसवून २०१७ साली हा निर्णय बाजूला सारला आणि प्रकरण फेरविचाराला पाठवले. बिल आणि कामाचे मोल यांत प्रमाण हवे, हे खंडपीठाने मान्य केले. मात्र प्रत्यक्ष काय काम झाले, ते गरजेचे होते का, हे न पाहता थेट टक्केवारी लावणे चूक ठरले. मेहनताना वाजवी आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी मागणाऱ्याचीच राहिली.

माझे मन या वादात ब्रेरेटन यांच्याकडे ओढ घेते, कारण त्यांनी देणेकऱ्यांच्या हातात शेवटी काय पडते याकडे पाहिले. तरी कायदा म्हणून अपील कोर्टाचे बरोबर आहे. बेकायदा लपवलेली मालमत्ता शोधण्यात लिक्विडेटरचे महिने जातात आणि कधी हाती काहीच लागत नाही. टक्केवारीच लावायची तर असा शोध कोणी घेणारच नाही, आणि त्याचा फायदा लपवणाऱ्याला होईल. टॅलबटना जो हिशेब करणे अशक्य वाटले होते तो आता कोर्टांना रोज करावा लागतो.

एक कोपरा या पुस्तकात थोडक्यातच आला आहे, आणि त्याची मला रुखरुख आहे. ऑस्ट्रेलियात व्यावसायिक विश्वस्त कंपन्या एकोणिसाव्या शतकापासून आहेत. मेलबर्नची ट्रस्टीज एक्झिक्युटर्स १८७८ ची, आणि ती १९८३ साली बुडाली. आज अशा कंपन्यांकडे अनेक धर्मादाय न्यास कायमचे सोपवलेले असतात. कंपनी कायद्याच्या प्रकरण ५ड ने नव्या धर्मादाय न्यासांसाठी फीला कमाल मर्यादा घातली आहे. वार्षिक व्यवस्थापन फीचा पर्याय घेतला तर मालमत्तेच्या १.०५६ टक्के. आकडा लहान दिसतो, पण न्यासाला अंत नाही, आणि मालमत्ता वाढेल तशी फीही वाढते, काम वाढो न वाढो. सरकारच्या सल्लागार समितीने २०१३ साली या कारभाराचा स्वतंत्र अहवाल दिला होता. खाजगी इस्टेटीत बिल फुगले तर चिडलेला वारस कोर्टात जातो. देणेकरी लिक्विडेटरच्या बिलावर हरकत घेतात. अनाथ मुलांच्या शिक्षणासाठी किंवा एखाद्या रोगाच्या संशोधनासाठी ठेवलेल्या पैशाला असा वारस नसतो. तिथे दाद मागण्याचे काम राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलकडे येते, आणि त्या कार्यालयाने फाइल उघडली तरच अपिलापर्यंत जाणारा कोणी पक्षकार त्या प्रकरणात तयार होतो.